थायरॉइड आणि गर्भधारणा : कोणती तपासणी कधी, गोळी कशी, फोन केव्हा

"मला थायरॉइड आहे," असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर थायरॉइड सगळ्यांनाच असते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी ती. बिघडतं ते तिचं काम. कधी ती हार्मोन कमी बनवते, कधी जास्त. कमी बनवते तेव्हा हायपोथायरॉइडिझम, जास्त बनवते तेव्हा हायपरथायरॉइडिझम. ही दोन नावं कानाला इतकी सारखी लागतात की दवाखान्यात शेजारी बसलेली बाई प्रेमानं देते तो सल्ला नेमका उलट्या आजाराचा असू शकतो. म्हणून पहिलं काम हे करा: आपलं काय आहे, कमी की जास्त, ते फाइलच्या पहिल्या पानावर साध्या मराठीत लिहून ठेवा.

मी स्वतः आयव्हीएफमधून, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याच्या उपचारातून, गेले तेव्हा माझ्या फाइलमध्ये टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडला काम सांगणाऱ्या हार्मोनचा, रिपोर्ट होता आणि तो 'नॉर्मल' होता. फक्त सात महिन्यांपूर्वीचा होता. ते डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. इंजेक्शनं झाली, भ्रूण गर्भाशयात सोडला, चाचणी पॉझिटिव्ह आली, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी केलेल्या तपासणीत आकडा सहाच्या वर निघाला. पुढे सगळं नीट झालं, पण त्या पंधरवड्यातली झोप गेली ती गेलीच. तेव्हापासून कुणी रिपोर्ट दाखवला की मी आकड्याच्या आधी तारीख बघते. या लेखातही तुम्हाला आकड्यांइतक्याच तारखा सापडतील.

आकडा उलटा का चालतो

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. रक्तातलं थायरॉइड हार्मोन कमी झालं की ती टीएसएच नावाचा निरोप धाडते: काम वाढव. थायरॉइडनं दाद दिली नाही की निरोपाचा आवाज चढतो. म्हणजे टीएसएच वाढलेला असेल तर थायरॉइड मंदावली आहे, आणि टीएसएच शून्याजवळ गेला असेल तर बहुधा ती गरजेपेक्षा जास्त काम करते आहे. "टीएसएच वाढलाय, म्हणजे थायरॉइड वाढलं" असं समजून घरात चर्चा सुरू होते, ती इथेच थांबवा.

थायरॉइड मुख्यतः टी-४ बनवते. शरीरात त्याचं टी-३ होतं आणि पेशी ते वापरतात. टी-४ किंचित हललं तरी टीएसएच कितीतरी पटींनी हलतो. त्यामुळे टीएसएच फार संवेदनशील मोजमाप आहे, आणि त्याच कारणानं गेल्या महिन्यात २.१ होता तो या महिन्यात २.८ झाला म्हणून घाबरायचं कारण नसतं. दिवसाच्या वेळेनुसारही तो बदलतो: रात्री उशिरा चढतो, दुपारी उतरतो.

गर्भधारणेशी याचा संबंध दोन-तीन वाटांनी येतो. थायरॉइड खूप मंदावली की मेंदूतून तिला जागं करणारं टीआरएच हे हार्मोन वाढतं, आणि ते टीएसएचबरोबर प्रोलॅक्टिनलाही ढकलतं. प्रोलॅक्टिन म्हणजे अंगावर दूध यायला लावणारं हार्मोन. ते वाढलं की बीज वेळेवर फुटत नाही, पाळी लांबते किंवा अनियमित होते. म्हणून प्रोलॅक्टिन वाढलेलं आलं तर त्याची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच पाहिला आहे ना, हे विचारा. अनेकदा थायरॉइड जागेवर आली की प्रोलॅक्टिन आपोआप उतरतं. थायरॉइड जास्त असली तरी पाळी बिघडते, बहुधा अंगावरून कमी जातं. आणि हा विषय फक्त बाईचा नाही. पुरुषाची थायरॉइड बिघडली तर शुक्राणूंची हालचाल, आकार आणि कामेच्छा यांच्यावर परिणाम होऊ शकतो. वीर्य तपासणीत दोष आला आणि नवऱ्याला थकवा, वजनात बदल किंवा छातीत धडधड असं काही असेल, तर त्याचाही टीएसएच करून घ्यावा. ही तपासणी साधी आहे, पण ती सुचवणारे फार थोडे.

उपचारांच्या आधी: रक्त देताना

सुरुवातीला टीएसएच पुरतो. तो मर्यादेबाहेर आला तर फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं टी-४) आणि अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची तपासणी करतात. आधी गर्भपात झालेले असतील, घरात आई-बहिणींना थायरॉइडचा त्रास असेल, स्वतःला टाइप १ मधुमेहासारखा स्वप्रतिकार आजार (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उठते तो) असेल किंवा कधी काळी गळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर हे आपणहून सांगा. विचारतील तेव्हा सांगू, असं नको.

रक्त शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत आणि सकाळी द्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर घ्या, कारण गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी-४ फुगलेलं दिसतं.

केस आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर हा भाग दोनदा वाचा. बायोटिनची मोठी मात्रा रक्तात असेल तर अनेक यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटं जास्त दाखवलं जातं. रिपोर्ट पाहून वाटतं, हायपरथायरॉइडिझम आहे. प्रत्यक्षात काहीच नसतं, किंवा उलट मंदावलेली थायरॉइड झाकली जाते. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, मात्रा मोठी असेल तर किती दिवस ते प्रयोगशाळेला विचारा. 'केसांचं टॉनिक' या नावाखाली ते कशाकशात असतं! पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा.

२.५, ४ आणि १०

टीएसएचचे हे तीन आकडे तुमच्या कानावर सतत पडतील, आणि दोन डॉक्टर दोन वेगळी मतं देतील. त्यामागचं कारण कळलं की गोंधळ निम्मा होतो.

अमेरिकन थायरॉइड असोसिएशननं २०११ साली सांगितलं होतं की गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत टीएसएच २.५ च्या आत हवा. पुढे वेगवेगळ्या देशांतल्या निरोगी गर्भवतींचे आकडे जमा झाले, तेव्हा दिसलं की ही रेघ फार खाली ओढली गेली आहे. कसलाही त्रास नसलेल्या कितीतरी जणी तिच्या वर जात होत्या. २०१७ साली त्याच संस्थेनं मार्गदर्शन बदललं. स्थानिक गर्भवतींवरून काढलेली मर्यादा उपलब्ध असेल तर ती वापरा, नसेल तर पहिल्या तिमाहीत वरची मर्यादा साधारण ४ धरा. जुनी रेघ अजून काहींच्या डोक्यात आणि काही प्रयोगशाळांच्या छापील रिपोर्टवर आहे. म्हणून ३.२ वर एक डॉक्टर गोळी लिहितात आणि दुसरे "काही नको" म्हणतात.

मग २.५ पूर्णपणे गेला का? नाही. तो दोन ठिकाणी टिकून आहे. एक, ज्या आधीपासून गोळी घेतात त्यांचा टीएसएच गर्भ राहण्याआधी आणि गर्भारपणात २.५ च्या आत ठेवायचा असतो. दोन, टीएसएच मर्यादेबाहेर आहे पण टी-४ ठीक आहे, अशी सौम्य कमतरता असलेली बाई आयव्हीएफ किंवा इक्सी (एकच शुक्राणू थेट बीजात सोडण्याची पद्धत) करणार असेल, तर गोळी सुरू करून २.५ च्या आत आणण्याची शिफारस आहे. आणि १० च्या वर गेला तर गर्भारपणात मतभेद उरत नाही. गोळी हवीच.

आता अँटी-टीपीओ. ही प्रतिपिंडं आपल्याच थायरॉइडवर उठलेली असतात. ती असलेल्या बायकांमध्ये गर्भपात आणि वेळेआधी बाळंतपण यांचं प्रमाण जास्त दिसतं, हे खरं. त्यामुळे वर्षानुवर्षं असा विचार होता की टीएसएच ठीक असला तरी यांना थोडी गोळी द्यावी. ब्रिटनमध्ये ९५२ जणींवर हे नीट तपासलं गेलं. सगळ्यांची प्रतिपिंडं पॉझिटिव्ह होती, थायरॉइडचं काम व्यवस्थित होतं आणि आधी गर्भपात किंवा वंध्यत्व होतं. निम्म्यांना रोज ५० मायक्रोग्रॅम लेवोथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची नेहमीची गोळी, दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. २०१९ साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत ३७.४ टक्के जणींना जिवंत मूल झालं, न घेणाऱ्यांत ३७.९ टक्के. फरक नाही. एवढ्या स्पष्ट उत्तरानंतरही केवळ प्रतिपिंडं आहेत म्हणून गोळी लिहून दिली जाते. घेऊन फारसं बिघडत नाही हे मान्य, पण ती घेतली म्हणून गर्भ टिकेल अशी आशा मनाशी बांधू नका. प्रतिपिंडांचा खरा अर्थ एवढाच की ही थायरॉइड ताणाखाली लवकर थकू शकते, म्हणून तिच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. प्रतिपिंडं किती हजार आहेत, वाढली की घटली, हे दर महिन्याला मोजत बसण्यात अर्थ नाही. ती उतरावीत म्हणून सेलेनियमच्या गोळ्या घेण्याचीही गर्भारपणात शिफारस नाही.

गोळी: छोटी, पण मानी

लेवोथायरॉक्सिन म्हणजे तुमच्या शरीरात बनतं तेच टी-४, कारखान्यात बनवलेलं. ते बाळाला चालतं का, हा प्रश्न त्यामुळे उरत नाही. उलट बाळाला तेच हवं असतं. प्राण्यांच्या थायरॉइडपासून बनवलेल्या किंवा टी-३ मिसळलेल्या गोळ्या मात्र गर्भारपणात नकोत. गर्भाच्या मेंदूपर्यंत पोचतं ते मुख्यतः आईचं टी-४, आणि त्या गोळ्यांत टी-३ च्या मानानं ते कमी पडतं.

गोळीची सगळी गंमत पोटात ती किती शोषली जाते यावर आहे. सकाळी उठल्यावर अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा ते एक तास काही नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. सकाळी घाई असेल तर रात्री झोपताना घेतली तरी चालते, मात्र जेवून तीन तास झालेले हवेत. दोन्हींपैकी जे रोज जमेल ते निवडा. एक दिवस सकाळी, एक दिवस रात्री असं करू नका.

बहुतेकींचा घोळ पुढे होतो. गर्भधारणेच्या तयारीत डॉक्टर इतर गोळ्याही देतात. नुसतं फॉलिक ॲसिड असेल तर हरकत नाही. पण लोह, कॅल्शियम आणि ही दोन्ही असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात आणि ती रक्तात जाऊ देत नाहीत. यांच्यात चार तासांचं अंतर हवं. मी सुरुवातीला सगळ्या गोळ्या एका डबीत घालून सकाळी एकदम घ्यायचे, फार शिस्तीचं वाटायचं. टीएसएच चढत गेला, मात्रा वाढवली, तरी चढला. शेवटी औषधं देणाऱ्या फार्मासिस्टनं डबी पाहिली आणि हसून म्हणाले, "ताई, या दोघींना एका घरात ठेवू नका." थायरॉइडची गोळी सकाळी आणि लोह-कॅल्शियम दुपारी किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर, एवढं ठरवलं आणि मात्रा न वाढवता आकडा उतरला. ॲसिडिटीच्या गोळ्या आणि सोयाचे पदार्थही शोषण कमी करतात. रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्या. औषध शरीरात रेंगाळतं, निम्मं व्हायला आठवडाभर लागतो, त्यामुळे एका दिवसानं आभाळ कोसळत नाही. याच कारणानं मात्रा बदलल्यावर लगेच आठ दिवसांनी रक्त तपासू नये. शरीर नव्या मात्रेवर स्थिर व्हायला सहा आठवडे लागतात, तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. (गर्भारपणात मात्र चार आठवड्यांनीच, कारण तिथे वाट पाहायला सवड नसते.) कंपनी बदलली तरी सहा आठवड्यांनी एकदा तपासा. पाकीट दमट आणि गरम जागी ठेवू नका.

उपचार सुरू झाल्यावर

दोन गोष्टी थायरॉइडला या काळात हलवतात आणि दोन्ही सहसा कुणी सांगत नाही.

पहिली एचएसजी, म्हणजे गर्भनलिका उघड्या आहेत का हे पाहण्याचा एक्स-रे. त्यात सोडतात त्या द्रवात आयोडीन असतं. तेलकट द्रव वापरला तर ते आयोडीन शरीरात बराच काळ रेंगाळतं आणि नाजूक थायरॉइड त्यानं मंदावू शकते. एचएसजी झाली असेल, विशेषतः तेलकट द्रवानं, तर पुढच्या काही महिन्यांत टीएसएच पुन्हा बघून घ्या. कोणता द्रव वापरला हे विचारायला संकोच कसला?

दुसरी गोष्ट इंजेक्शनांची. आयव्हीएफसाठी अंडाशयाला उत्तेजन देतात तेव्हा रक्तात इस्ट्रोजेन खूप चढतं. इस्ट्रोजेनमुळे यकृत टीबीजी नावाचं प्रथिन जास्त बनवतं, आणि ते टी-४ ला बांधून ठेवतं. मोकळं टी-४ कमी पडतं. निरोगी थायरॉइड थोडं जास्त काम करून भरून काढते. जिची ग्रंथी आधीच थकलेली आहे किंवा जी पूर्णपणे गोळीवर आहे, तिला ते जमत नाही आणि टीएसएच चढतो. म्हणून टीएसएच इंजेक्शनं सुरू होण्याआधी करा, जमलं नाही तर उत्तेजन संपल्यावर एक ते दोन आठवड्यांनी. ऐन मध्ये केलेला आकडा फसवा असतो. गर्भ राहिला नाही आणि टीएसएच थोडा वर दिसला, तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा पाहतात; पुष्कळदा तो आपोआप उतरतो. गर्भ राहिला असेल तर मात्र थांबायचं नाही.

गोठवलेला भ्रूण सोडण्याआधी गर्भाशयाचं अस्तर तयार करायला इस्ट्रोजेनच्या तोंडी गोळ्या देतात, तेव्हाही हेच घडतं. त्वचेवर लावायचा पट्टा किंवा जेल असेल तर टीबीजीवर परिणाम फारसा होत नाही. प्रोजेस्टेरॉनचा थायरॉइडच्या गोळीशी झगडा नाही.

आकडा २.५ च्या वर आहे म्हणून उपचाराचं चक्र पुढे ढकलायचं का? ३ असेल आणि बाकी सगळं जमून आलं असेल तर बहुतेक डॉक्टर मात्रा सुधारून पुढे जातात. ८ किंवा १२ असेल तर सहा आठवडे थांबणं शहाणपणाचं. वय वाढतंय, वेळ जातोय, हे सगळं खरं असलं तरी.

चाचणी पॉझिटिव्ह आली

तुम्ही आधीपासून लेवोथायरॉक्सिन घेत असाल तर हा सगळ्या लेखातला महत्त्वाचा परिच्छेद. आनंदाचे फोन करण्याआधी एक फोन डॉक्टरांना करा. गर्भ राहिल्यापासून थायरॉइड हार्मोनची गरज चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासूनच वाढू लागते, म्हणजे पहिल्या सोनोग्राफीच्याही आधी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात गोळीवर असलेल्या बायकांच्या २० गर्भारपणांपैकी १७ मध्ये मात्रा वाढवावी लागली, पहिल्या निम्म्या काळात सरासरी ४७ टक्क्यांनी. आणि बाळाची स्वतःची थायरॉइड साधारण बाराव्या आठवड्यात काम सुरू करते, नीट चालू लागते ती अठराव्या ते विसाव्या आठवड्यात. तोवर बाळाचा मेंदू आईच्या टी-४ वर वाढत असतो. मात्रेचं काम पुढच्या भेटीवर ढकलू नका ते याच्यासाठी.

सोपा आणि रुळलेला उपाय असा: पाळी चुकली किंवा चाचणी पॉझिटिव्ह आली की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. म्हणजे कुठल्याही दोन ठरावीक दिवशी दोन-दोन. वाढ साधारण २९ टक्के होते. पण कमतरता कशामुळे आहे, ग्रंथी काढलेली आहे का, आत्ताची मात्रा किती, यावर हे अवलंबून असतं. म्हणून उपचार सुरू होतानाच डॉक्टरांना विचारा, "पॉझिटिव्ह आल्यावर मी किती वाढवू?" आणि उत्तर प्रिस्क्रिप्शनवर लिहून घ्या. भ्रूण सोडल्यावर वाट पाहण्याच्या त्या दोन आठवड्यांत तो कागद हाताशी हवा, कारण चाचणी बहुधा सुट्टीच्या दिवशी पॉझिटिव्ह येते!

चाचणीबरोबरच टीएसएचचं रक्त द्या. मग अर्धं गर्भारपण होईपर्यंत दर चार आठवड्यांनी, आणि तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा. मात्रेची गरज सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत वाढत जाते आणि पुढे स्थिरावते.

उलटीमुळे सकाळची गोळी पोटात टिकत नसेल तर ती रात्री झोपताना घ्या. गोळी घेतल्याबरोबर उलटी झाली तर काय करायचं हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

टीएसएच एकदम खाली गेला तर

कधीच थायरॉइडचा त्रास नसलेल्या बाईचा नवव्या-दहाव्या आठवड्यातला टीएसएच ०.०५ येतो आणि घर हादरतं. यामागे बहुधा आजार नसतो. गर्भातून येणारं एचसीजी हे हार्मोन रचनेनं टीएसएचचं चुलत भावंड आहे, थायरॉइडला दोघांतला फरक ओळखता येत नाही आणि ती जास्त काम करते. एचसीजी पहिल्या तिमाहीच्या शेवटी सगळ्यात वर असतं, तेव्हा टीएसएच सगळ्यात खाली. जुळं असेल किंवा उलट्यांनी हैराण केलं असेल तर आणखी खाली. यावर थायरॉइडची औषधं देत नाहीत. पाणी, विश्रांती, उलट्यांवरचं औषध, आणि चौदाव्या ते अठराव्या आठवड्यापर्यंत तो वर येतो.

खरा हायपरथायरॉइडिझम, बहुधा ग्रेव्हज आजार, ओळखायला डॉक्टर टीआरएबी ही थायरॉइडला भडकवणारी प्रतिपिंडं तपासतात आणि डोळे, गळ्याची सूज पाहतात. तो असेल तर बेत थोडा लांबवावा लागतो. औषध न बदलता महिन्याच्या अंतरानं दोन तपासण्या व्यवस्थित येईपर्यंत गर्भ राहू देऊ नये. किरणोत्सारी आयोडीन घेतलं तर सहा महिने थांबायचं. पुरुषानं घेतलं असेल तरी काही महिने. कार्बिमेझोल आणि मेथिमेझोल या औषधांनी गर्भाच्या सहाव्या ते दहाव्या आठवड्यात व्यंग होण्याचा धोका असतो, म्हणून गर्भधारणेच्या बेतात किंवा पाळी चुकताच बऱ्याचदा प्रोपिलथायोयुरॅसिलवर नेतात. तेही निर्धोक नाही, यकृतावर क्वचित पण गंभीर घाव घालू शकतं. काहींचं औषध पूर्ण थांबवताही येतं. स्वतःहून मात्र बंद करू नका, आणि यांपैकी कुठलंही औषध चालू असताना ताप व घसादुखी एकदम आली तर त्याच दिवशी रक्तपेशींची तपासणी करा.

ग्रेव्हजसाठी वर्षांपूर्वी ग्रंथी काढलेल्या किंवा आयोडीननं जाळलेल्या बायका स्वतःला बरी झालेली समजतात. ग्रंथी गेली तरी टीआरएबी रक्तात फिरत राहू शकतात आणि वारेतून बाळापर्यंत जाऊन त्याची थायरॉइड भडकवू शकतात. गर्भारपणाच्या सुरुवातीला, आणि वाढलेली असतील तर अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात पुन्हा ती मोजायला सांगा. "माझं ऑपरेशन झालंय, आता नुसती गोळी घेते," एवढंच सांगितलंत तर हे कुणाला सुचणार नाही. ऑपरेशन कशासाठी झालं तेही सांगा.

आयोडीन: पुरेसं, फार नको

गर्भारपणात आणि अंगावर पाजताना जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, एरवी १५०. आयोडीनयुक्त मीठ घरात असेल तर पाया भक्कम असतो, उरलेलं कुठून घ्यायचं ते डॉक्टर सांगतील. नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या समुद्री शेवाळाच्या गोळ्या टाळा. त्यांत आयोडीन किती आहे याचा भरवसा नसतो, आणि अतिरेकी आयोडीन आईची आणि बाळाची, दोघांचीही थायरॉइड बंद पाडू शकतं.

बाळ झाल्यावर

प्रसूतीनंतर गोळी गर्भारपणाआधीच्या मात्रेवर आणतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करतात. तो कागद बाळाच्या लसींच्या गडबडीत हरवतो, म्हणून तारीख आधीच कुणाला तरी सोपवा; नवऱ्यालाच सोपवा. अंगावर पाजताना लेवोथायरॉक्सिन चालतं. बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन जन्मजात थायरॉइडची तपासणी करतात, साधारण दोन-तीन दिवसांचं असताना. घरी जाण्याआधी ती झाली का ते विचारा. कमतरता वेळेत सापडली तर गोळीनं मूल नीट वाढतं, उशीर झाला तर मेंदूचं नुकसान भरून निघत नाही.

अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्यांनी पहिलं वर्षभर सावध राहावं. बाळंतपणानंतर थायरॉइडला सूज येते, आधी काही महिने हार्मोन सांडतं, छातीत धडधड आणि चिडचिड होते. मग ती मंदावते, अंगात त्राण उरत नाही, केस गळतात, रडू येतं. पहिल्या तिमाहीत प्रतिपिंडं पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या जणींना हे होतं. घरातली मोठी माणसं म्हणतात, बाळंतिणीला थकवा असणारच. असतोच. पण तीन महिन्यांच्या बाळाची आई जिने चढताना थांबत असेल, दुखणं नसताना रडत असेल, तर टीएसएच करून घ्यायला सांगा, आणि मनाच्या डॉक्टरांकडेही न्या. एक असलं म्हणून दुसरं नाही असं नसतं. बहुतेकींची थायरॉइड वर्षभरात जागेवर येते, काहींना पुढे गोळी कायमची लागते.

आणि भ्रूण गोठवून ठेवलेले असतील आणि दुसऱ्या बाळाचा विचार सुरू झाला असेल, तर पहिल्या खेपेची फाइल घेऊन जा. त्यातला टीएसएचचा रिपोर्ट तेवढा घरी ठेवा. तपासणी नव्यानं करायची आहे.